जाते नाही, येते म्हण

संक्रांतीची सुट्टी संपवून लेक पुण्याला निघाली त्या सकाळची गोष्ट. नाशिकच्या ठक्कर बाजार स्टँडवर साडेसहाला चांगलाच गारठा होता. चहाच्या गाडीपाशी कानटोप्या घातलेले ड्रायव्हर-कंडक्टर दोन्ही हातांत ग्लास धरून उभे होते. तिची बस फलाटाला लागली. तिनं सॅक पुढच्या बाजूला अडकवली, तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबा ठेवलेली कापडी पिशवी मनगटाला गुंडाळली आणि पायरीवर एक पाय ठेवून म्हणाली, "चल आई, जाते मी." विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "जाते नाही, येते म्हण." ती वळली. चिडली नव्हती, हसलीही नाही. म्हणाली, "अगं, पण मी जातेच आहे ना." मागून कुणीतरी "चढा ना ताई" म्हणालं आणि ती आत गेली. काचांवर आतून बाष्प धरलं होतं, त्यामुळं ती कुठल्या बाजूला बसली तेही मला दिसलं नाही. हात मात्र मी सगळ्या खिडक्यांकडं बघून हलवला.

बस गेल्यावर फलाटावर डिझेलचा वास आणि शेंगांची टरफलं उरली. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले. तिचं ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. उद्धटपणाचं असतं तर मी रागावून मोकळी झाले असते. पण ती अगदी सरळ, खरं तेच बोलली होती. बावीस वर्षांची मुलगी, नोकरी लागलेली, दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं खोली घेऊन राहणारी. ती जातच होती. मग मी तिला 'येते' म्हणायला का लावत होते, आणि कुणासाठी?

सिन्नरजवळच्या आमच्या गावी आजीच्या घरात 'जातो' हा शब्द उंबऱ्यावर उच्चारायची सोयच नव्हती. किराणा आणायला निघालेला काकासुद्धा "आलोच" म्हणून निघायचा. चुकून कुणी 'जाते' म्हणालंच तर आजी त्याला परत आत बोलवायची, पाटावर बसवायची, दोन घोट पाणी द्यायची, तळहातावर चिमूटभर साखर ठेवायची आणि मग सांगायची, आता पुन्हा नीघ. एकदा आत्याची त्यापायी एसटी चुकली, तरी आजीनं ऐकलं नव्हतं. तेव्हा मला ते खुळचट वाटायचं. आता वाटतं, या भाषेत राहणाऱ्या माणसाला ती भीती सुटणार कशी? आपण 'तो गेला' एवढंच म्हणून थांबलो, तर त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. कुंकू पुसलं म्हणवत नाही, बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणायचं, तसंच हे. वाईटाचं नाव तोंडावाटे बाहेर पडलं की त्याला घर कळतं, अशी काहीतरी ती समजूत. म्हणून निघतानाच परतीचा शब्द देऊन ठेवायचा. घरातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस आजीच्या हिशेबी आधीच अर्धा परत आलेला असायचा.

त्या दिवशी रिक्षानं सातपूरकडं परत येताना त्र्यंबक रोडला आम्ही अडकलो. पौष वारीच्या दिंड्या चालल्या होत्या. निफाडकडच्या, येवल्याकडच्या, सिन्नरच्या. अजून एकादशीला अवकाश होता, पण रस्त्याची डावी बाजू माणसांनी भरून गेलेली. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, "जाऊ द्या माउलींना," म्हणाला आणि हँडलवर हात टेकून बसला. इंजिन थांबल्यावर टाळ स्पष्ट ऐकू आले. नऊवारीवर जुना स्वेटर, त्यावर डोक्याभोवती घट्ट गुंडाळलेली शाल, शालीवर चुंबळ आणि चुंबळीवर तुळशीवृंदावन घेतलेली एक म्हातारी माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि भेगांत पांढरी माती बसलेली. तुळशीच्या मंजिऱ्या प्रत्येक पावलाला एकदा हलत होत्या, पण कुंडीतलं पाणी हिंदकळत नव्हतं. तिची मान इतकी स्थिर होती की मी बघतच राहिले. तीही घरातून निघताना कुणाला तरी 'येते' म्हणाली असेल. वारी या शब्दात येणं आहेच. एकदाच जाऊन आलेल्याला वारकरी म्हणत नाहीत.

मराठीत चालणारा वाट चालतो आणि मागं राहिलेला वाट पाहतो. वाट तीच. एकाच्या पायाखाली, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढं. मी हे दोन्ही शब्दप्रयोग आयुष्यभर वापरलेत आणि पन्नाशी आली तरी मला त्यातली ही गोष्ट दिसली नव्हती. प्रवासाची पुस्तकं मला लहानपणापासून आवडतात. सार्वजनिक वाचनालयातून, १८४० सालापासून चालत आलेल्या आमच्या या नाशिकातल्या वाचनालयातून, मी आठवड्याला दोन पुस्तकं आणायची आणि त्यातलं एक हमखास कुठल्यातरी भ्रमंतीचं असायचं. जंगलं, घाट, नर्मदेची परिक्रमा, हिमालय. पुस्तक उघडलं की लेखकाचं बोट धरून निघायचं. निघाल्यावर मी एकदाही मागं वळून बघितलं नाही, की ज्या दारातून हा माणूस बाहेर पडला त्या दारात आता कोण उभं आहे.

आणि या प्रश्नाला तर त्र्यंबकसारखी दुसरी जागा नाही.

ज्या समाधीच्या ओढीनं त्या दिंड्या चालल्या होत्या, त्या निवृत्तिनाथांची गोष्ट वाट चुकण्यापासूनच सुरू होते. विठ्ठलपंत, रुक्मिणीबाई आणि मुलं ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेली, वाघ आडवा आला, सगळे पांगले आणि थोरला निवृत्ती एका गुहेत शिरला, तिथं गहिनीनाथ भेटले. ही परंपरेतली गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की गुहेत शिरायची आपल्याला घाईच असते. त्यात चूक काही नाही. गुहेत शिरलेला मुलगा आणि बाहेर आलेला मुलगा एक नव्हता; तो आपल्याच धाकट्या भावाचा गुरू व्हायच्या तयारीनं बाहेर आला होता, आणि त्या एका चुकलेल्या वाटेतून पुढं मराठीचं केवढं वाङ्मय उभं राहिलं. पण मला आता गुहेच्या बाहेरची रात्र दिसते. काळोख, कारवीचं रान, वाघाच्या भयानं पांगलेली माणसं एकमेकांना हाका मारत गोळा होतात आणि रुक्मिणीबाई मुलं मोजते. एक, दोन, तीन. पुन्हा मोजते. तो परत येईपर्यंत त्या आईनं काय केलं असेल, हे कीर्तनात मी तरी कधी ऐकलेलं नाही. आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघून तिला आनंद आधी झाला असेल की हा आता आपला राहिला नाही हे आधी कळलं असेल?

मी त्याच फेरीत हरवले होते, म्हणून हे विचारते.

मी नऊ वर्षांची होते. श्रावणातला तिसरा सोमवार. आई, मावशी आणि गल्लीतल्या सहा-सात बायका रविवारी रात्री कुशावर्तावरून निघाल्या, मला घेऊन. फेरी वीसेक किलोमीटरची. पाऊस असा की थेंब दिसत नाहीत, पण पदर पिळला तर पाणी. गुडघ्यापर्यंत चिखल. प्रयागतीर्थ मागं टाकल्यावर थोड्या वेळात माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला. आईनं ती चप्पल हातात घेतली आणि म्हणाली, पुढं कुठं पिन मिळाली तर बघू. मी एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी चालायला लागले. चिखल बोटांमधून वर येत होता, गार आणि मऊ, आणि मला तो इतका आवडला की दुसरीही चप्पल काढून टाकावीशी वाटली. पुढं ओझरकडच्या बायकांचा एक घोळका गाणी म्हणत चालला होता. त्यातली एक फार वरच्या पट्टीत गायची, बाकीच्या ओळ झेलायच्या. त्या आवाजामागं मी कधी गेले ते मला कळलं नाही. कुणीतरी मला ओलं फुटाण्याचं पुडकं दिलं. कुणीतरी आपल्या घोंगडीचा कोपरा माझ्या डोक्यावर धरला. आई मागं आहे असं मी धरूनच चालले होते. उजाडता उजाडता ढग वर सरकले आणि ब्रह्मगिरीचा कडा एकदम समोर आला, काळा, अंगभर पांढऱ्या धारा वाहणारा. तेव्हा मी वळून आईला दाखवायला गेले आणि मागं आई नव्हती. मला भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. खरं सांगायचं तर आजपर्यंत मी जेवढी म्हणून चालले आहे, त्यात तेवढी मोकळी मी पुन्हा कधी चालले नाही. त्या बायकांनी मला त्र्यंबकात पोलिसांच्या मंडपात नेऊन सोडलं. तिथं लाकडी बाकावर आई बसली होती. मांडीवर माझी तुटकी चप्पल, चिखल पुसून स्वच्छ केलेली. तिनं मारलं नाही, जवळही घेतलं नाही. फक्त माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि तळव्याला काटा लागलाय का ते बघायला लागली.

एकाच रात्री एकाच डोंगराभोवती आम्ही दोघी होतो. माझ्यासाठी ती आयुष्यातली सगळ्यात सुंदर रात्र आहे, आणि मी आईला तिच्या रात्रीबद्दल चाळीस वर्षं विचारलं नाही.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' मी कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचला आणि त्यातली झाशी, तो वेढा, ती लूट यांनी भारावून गेले. संक्रांतीनंतर पुन्हा काढून बसले तेव्हा माझं लक्ष दुसरीकडंच गेलं. कर्जात बुडालेल्या घरचा एक भिक्षुक ब्राह्मण, वरसईहून काकांबरोबर उत्तरेकडं निघतो तो बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेनं. साल १८५७. पुढं काय वाढून ठेवलंय याची त्याला कल्पना नाही. जीव कितीदा जाता जाता राहतो, मिळवलेलं लुटलं जातं. आणि हा माणूस काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेतो. पैसा गेला, पण कावड घरी पोचवायची. वडील माणसांना गंगेचं स्नान घालायचं. अर्ध्या हिंदुस्थानातून तो ते पाणी सांभाळत आणतो आणि आईवडिलांना खरोखर न्हाऊ घालतो. लढाया, राणी, तोफा हे सगळं इतिहासाच्या कामी आलं. १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यानं ते लिहून काढलं आणि छापून आलं थेट १९०७ साली. पण त्याच्या आईवडिलांच्या लेखी त्या सगळ्या प्रवासाचा अर्थ डोक्यावरून ओघळलेलं ते पाणी एवढाच असणार, असं मला वाटतं. आपला मुलगा झाशीच्या वेढ्यात होता हे त्यांना तेव्हा माहीत तरी कुठून असणार? ते वाट बघत होते, बस. त्यानं आणलेल्या पाण्यानं त्यांचं बघणं संपलं.

एकाच ठिकाणी मला वाट पाहणारा चालणाऱ्याच्या बरोबरीनं भेटतो, आणि तो साक्षात विठ्ठल आहे. नामदेवांच्या नावावरच्या तीर्थावळीच्या अभंगांत ज्ञानदेव नामदेवांना तीर्थाला चला म्हणतात आणि नामदेवांचा पाय निघत नाही. पंढरी सोडून कशाला जायचं? अखेर देवच त्यांची समजूत घालतो, ज्ञानदेवांच्या हाती सोपवतो. इथवर ठीक. पण मग नामा गेल्यावर देवाला करमत नाही. ज्यानं जा म्हटलं तोच झुरतो. आणि नामदेव परतल्यावर देव स्वतः मावंदं घालतो. मावंदं हा शब्द माझ्या लेकीला माहीत नाही, यात्रेहून सुखरूप आल्यावर घालायचं जेवण, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी आल्यावर तू पुरणपोळ्या करतेस तेच ना?" तेच. ज्यानं ते अभंग रचले त्याला वाट पाहण्यातलं सगळं कळलेलं होतं. जाऊ देणं आणि झुरणं ही एकाच माणसाची दोन कामं आहेत, आणि एक केलं म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही, हे त्यानं देवाकडून करवून घेतलं. विटेवर उभं राहायचं ते याच कामासाठी असेल, कोण जाणे.

लेकीची बाजू मला कळत नाही असं नाही. सातवीत असताना तिनं शाळेच्या स्पर्धेत कुसुमाग्रजांची कोलंबसाची कविता म्हटली होती. आमच्याच गावात राहिलेल्या कवीची ती कविता आम्ही तिच्याकडून पंधरा दिवस पाठ करून घेतली, उजवी मूठ कुठं आवळायची, आवाज कुठं चढवायचा, सगळं. समुद्राला आव्हान देणारा, किनाऱ्याची पर्वा न करणारा तो खलाशी मीच तिच्या तोंडात घातला. बक्षीस मिळालं तेव्हा मीच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. आता ती खरंच मागं न बघता बसची पायरी चढली तर मला आजीची साखर आठवते, हे काही न्यायाचं नाही. शिवाय 'येते' या शब्दानं आमच्या बायकांना काय दिलं, हेही बघायला पाहिजे. आजी लग्न होऊन निघाली तेव्हा तीही माहेरच्या उंबऱ्यात 'येते' म्हणाली असणार. पण येणं तिच्या हातात नव्हतं. भाऊ मुऱ्हाळी होऊन न्यायला आला तर, सासूनं पाठवलं तर, पेरणी-कापणी नसली तर. गावापासून माहेर चार कोसांवर, आणि एकदा तीन वर्षं ती गेली नव्हती, असं आई सांगते. शब्द देऊन ठेवायचा आणि तो पाळायचा अधिकार मात्र दुसऱ्याकडं. माझ्या लेकीला आता तसं नाही. तिला तिकीट काढायला कुणाला विचारावं लागत नाही. ज्याला यायचं तेव्हा येता येतं, त्याला 'जाते' म्हणायची भीती वाटत नसेल, असं मला आता आता वाटायला लागलंय.

फेब्रुवारीत आईकडं गेले तेव्हा तिला शेवटी विचारलं. ती अंगणात ऊन खात शेंगा निवडत बसली होती. ऐंशीला आलीये, ऐकू कमी येतं, त्यामुळं दोनदा विचारावं लागलं. त्र्यंबकला मी हरवले होते त्या रात्री तू काय केलंस? ती शेंगा निवडायची थांबली नाही. म्हणाली, "काय करणार मंग? आधी मागं पळाले, मग पुढं पळाले. तुझी मावशी रडायला लागली म्हणून मला रडता येईना." मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं संपलं. तेवढ्यात सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तुझी एक चप्पल माझ्याकडं होती ना. तिच्याकडं बघून म्हणायचे, पोरगी एका चपलेनं जाऊन जाऊन किती लांब जाईल." मी तिला सांगितलं की मला त्या रात्री अजिबात भीती वाटली नव्हती, फार छान वाटलं होतं. हे मी तिला आयुष्यात पहिल्यांदाच सांगत होते. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ते दिसलं मला तुझ्या तोंडावर. म्हणून तर पाय बघत बसले."

पाडव्याला लेक आली. आल्या आल्या मी चहा टाकला, नेहमीसारखी दोन चमचे साखर घालून. तिनं घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "आई, मी साखर बंद केलीय गं. जानेवारीपासनं." साधी गोष्ट. पण तो कप तसाच अर्धा राहिला, आणि तिला चहा कसा लागतो हे मला आता विचारून करावं लागणार हे कळायला मला थोडा वेळ लागला. चार दिवस राहिली. झोपली, पुरणपोळ्या खाल्ल्या, एका संध्याकाळी मला घेऊन गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, गेली, रामकुंडाच्या पुढं पायऱ्यांवर आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो. ऑफिसातलं काहीबाही सांगत होती, कुणीतरी तिच्या कामाचं श्रेय घेतलं, तर तिनं मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ते नीट सांगितलं. सांगताना तिचा आवाज शांत होता. ही मुलगी मी पाठवली नव्हती. ही तिकडून आली होती.

निघायच्या दिवशी पुन्हा स्टँड. या वेळी थंडी नव्हती. तिनं सॅक पुढं घेतली, पायरीवर पाय ठेवला आणि म्हणाली, "जाते गं." मी म्हटलं, "जा. नीट जा." तिनं एकदा माझ्याकडं निरखून बघितलं, मग आत जाऊन खिडकी सरकवली आणि बस वळेपर्यंत हात बाहेर ठेवला.

घरी आल्यावर ओट्यावर संक्रांतीचा लाडवांचा डबा दिसला. तिनं आणून ठेवला होता आणि सांगायची विसरली होती, किंवा मुद्दाम सांगितलं नव्हतं. उचलला तर आत काहीतरी सरकलं. रिकामा डबा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर घालायची, हे आमच्या घरात तिला कुणी मुद्दाम शिकवल्याचं मला आठवत नाही. झाकण काढलं. आत ऑफिसच्या चहाबरोबर मिळतात तशा साखरेच्या दोन लांबट कागदी पुड्या होत्या. एक मी फोडून माझ्या चहात घातली. दुसरी डब्यात तशीच आहे.